साडेबारा ते साडेतीन

सोहारला जूनपासून भर दुपारी काम बंद.
सरकारी नियम.
आम्ही सातजण गोदामाच्या सावलीत, एसीच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरून.
मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गचकलेलो,
म्हणून इथला मास्तर.

लोकबहादुर विचारतो:
पाना आणि हातोडीचा दांडा, दोघं सकाळपासून एकाच पेटीत,
मग पानाच का चावतो?
दोघंही सारखेच तापलेत, मी म्हणतो.
फरक स्वभावात आहे.
लाकूड चिक्कू, आहे ते मुठीत दाबून बसतं.
लोखंडाला हात लावा, लगेच सगळं देऊन टाकतं.
"म्हणजे भला माणूस."
भलाच. पण फोड येतात.

परकारचं कोडं नळाचं.
जुलैत थंडचा नळ पोळतो,
आणि गीझर बंद ठेवला की त्यातलं पाणी गार.
अरे, टाकी गच्चीवर उन्हात उभी,
गीझर आत सावलीत, अंगात जाड जाकीट.
जाकिटाला काय ठाऊक
आत ऊन सांभाळायचंय की गारवा?
त्याला फक्त वाट अडवता येते, दोन्ही बाजूंनी.
परकार खूश होतो:
"आमच्या दाभोळच्या मामूसारखं. उंबऱ्यावरच बसतो,
ना मांजर बाहेर, ना पाव्हणा आत."

तोडणकर पिकअप चालवतो.
त्याला लिवाच्या रस्त्यावर रोज पाणी दिसतं
आणि रोज ते पुढे सरकतं.
ते पाणी नाही. पण खोटंही नाही.
आकाशच आहे ते, डांबरावरच्या तापल्या हवेत वाकून
खालच्या बाजूने तुझ्या डोळ्यांत आलेलं.
"पण फोटोत येतं की!"
येणारच. कॅमेऱ्याच्या पदरी तरी दुसरा उजेड कुठला?

एकदा मी चुकलो, तेही सांगतो.
डोक्याला ओला पंचा बांधा, म्हणालो,
माठ गार होतो तसं डोकं गार होईल.
बांधले सगळ्यांनी.
तासाभराने सात डोकी भातासारखी वाफाळलेली.
मी गावच्या वैशाखातला हिशोब घेऊन आलो होतो,
जिथे हवा कोरडी, तहानलेली, पंचातलं पाणी पिऊन जाते
आणि जाताना ऊनही नेते.
इथे समुद्र दोन मैलांवर.
हवाच आधी गळ्यापर्यंत भरलेली,
ती आणखी कुठे पिणार?
पंचे पिळताना कुणी काही बोललं नाही,
पण आठवडाभर मला मास्तर म्हणून हाक आली नाही.

मग काल, पावणेतीनला, लोकबहादुर:
"एसी एवढी थंडी आणतो कुठून?"
पंधरा वर्षं मी एसी दुरुस्त करतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
आणत नाही, म्हणालो. थंडी अशी वस्तूच नाही.
उष्णता असते, नाहीतर कमी असते.
एसी हमाल आहे. खोलीतली उष्णता उचलतो
आणि भिंतीपलीकडे नेऊन टाकतो.
वर हमालीची स्वतःची गरमी वेगळी.
"पलीकडे म्हणजे कुठे?"
गच्चीवर. बाहेरच्या युनिटमागे.
तो थोडा वेळ गप्प.
"तिथे तर आपण उभे असतो."
हो.

परकारने पाण्याची बाटली तोंडाशी नेली ती तशीच धरली.

"आणि आपल्यापासून पुढे?"
पुढे हवेत. मग रात्री वर, आकाशात.
"आणि तिथून?"
आणखी लांब. पसरत जाते.
"संपते कधी?"
इथे माझं दुसरं वर्ष संपलं.
संपत नाही बहुतेक, म्हणालो, नुसती पातळ होते.
नक्की माहीत नाही.
त्याने खोक्यावर मार्करने काहीतरी लिहिलं, नेपाळीत.
मला सगळं लागलं नाही.

साडेतीनला भोंगा झाला.
शिडी उन्हातच राहिली होती, आडव्या पायऱ्या चकचकीत.
मी हातमोजे शोधत होतो
तोवर तो सुतळी आणि गोणपाट घेऊन
शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचला होता,
एकेका लोखंडी दांड्याला
चिक्कू बनवत.